कलम ८० ची शिक्षा: दाद कुठे, कशी आणि कोणत्या क्रमाने मागायची

सुट्टीवरून सहा दिवस उशिरा पोहोचलेल्या जवानाला कमांडिंग ऑफिसर (सीओ) साहेबांनी १४ दिवसांची कैद दिली. कैद भोगून झाली, जवान पुन्हा कामाला लागला आणि विषय संपला असं घरच्यांनाही वाटलं. पुढे काही वर्षांनी चौथी लाल नोंद (शिक्षेची लाल शाईत होणारी नोंद) झाली आणि घरी पाठवण्याची कारणे दाखवा नोटीस हातात आली. आता पहिल्या शिक्षेवर बोलायचं म्हटलं तर कागद नाही, साक्षीदार निवृत्त झालेले आणि मुदत कधीच उलटलेली.

अशा वेळी पहिला प्रश्न येतो, "अपील कुठे करायचं?" अडचण याच शब्दात आहे. कलम ८० खाली कमांडिंग ऑफिसरने दिलेल्या शिक्षेविरुद्ध सेना कायदा, १९५० मध्ये 'अपील' नावाची पायरी नाही. आहे ती कलम २६ ची तक्रार आणि त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. ज्याला हे माहीत नसतं तो अपिलाचा कागद भलत्याच दारात नेतो आणि सहा महिने तिथेच जातात.

हा लेख फक्त भूदलापुरता आहे. नौदल आणि हवाई दलाचे कायदे वेगळे आहेत. सीमा सुरक्षा दल आणि केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या जवानांना इथली न्यायाधिकरणाची वाट लागूच होत नाही. त्यांच्या दलांचे कायदे स्वतंत्र आहेत आणि न्यायालयात जायचं झालं तर त्यांना उच्च न्यायालयात जावं लागतं.

## पायरी १: शिक्षा कोणत्या कलमाची, ते आधी ठरवा

सर्वात जास्त गोंधळ इथेच होतो. कमांडिंग ऑफिसर दोन वेगळ्या अधिकारांत शिक्षा देऊ शकतो. एक, कलम ८० खाली थेट शिक्षा. दोन, समरी कोर्ट मार्शल, म्हणजे कमांडिंग ऑफिसरने चालवलेला संक्षिप्त लष्करी खटला. समोर बसलेले साहेब तेच असतात, खोलीही बऱ्याचदा तीच असते आणि कैद दोन्हीकडे मिळू शकते. दाद मागायची वाट मात्र पूर्ण निराळी आहे.

ओळखायची सोपी खूण शिक्षेतच असते. कलम ८० खाली कैद जास्तीत जास्त २८ दिवसांची देता येते आणि नोकरीवरून बडतर्फ करता येत नाही. तुमच्या कागदावर बडतर्फी किंवा तीन महिन्यांची कैद असेल, तर ते समरी कोर्ट मार्शल आहे. तिथे कलम १६४ खालची याचिका लागते. शिक्षा बडतर्फीची किंवा तीन महिन्यांहून अधिक कैदेची असेल तर न्यायाधिकरणात जाता येतं. तो विषय या लेखाचा नाही.

शिक्षा झालेला माणूस सुभेदार किंवा नायब सुभेदार (जेसीओ) असेल, अथवा अधिकारी असेल, तर कलम ८३, ८४ किंवा ८५ लागतं. त्यांच्यासाठी शेवटी वेगळा भाग दिला आहे.

तपासा: गुन्ह्याच्या अहवालावर, म्हणजे आयएएफडी-९०१ या फॉर्मवर, गुन्ह्याचं कलम आणि शिक्षेचं कलम दोन्ही पाहा. 'कलम ३९' हे गुन्ह्याचं कलम झालं, विनापरवाना गैरहजेरीचं. 'कलम ८०' शिक्षेच्या अधिकाराचं. अर्जात या दोघांची अदलाबदल झाली की वाचणाऱ्याचा विश्वास पहिल्या ओळीतच उडतो.

## पायरी २: पेशी (सीओंसमोरची सुनावणी) अजून व्हायची असेल तर खरी लढाई तिथेच

नंतर केलेली तक्रार पेशीत जे नोंदलं गेलं त्यावरच उभी राहते किंवा पडते, म्हणून या पायरीवर सविस्तर लिहितो.

सेना नियम, १९५४ मधला नियम २२ सांगतो की आरोपाची सुनावणी कमांडिंग ऑफिसरने आरोपीच्या समोर करायची. विरुद्ध साक्षीदाराला प्रश्न विचारण्याची, आपले साक्षीदार बोलावण्याची आणि आपलं म्हणणं मांडण्याची पूर्ण मोकळीक आरोपीला असते. पुराव्यातून गुन्हा दिसतच नसेल तर कमांडिंग ऑफिसरने आरोप फेटाळायचा असतो. आरोप पुढे न्यायचं कारण नाही असं वाटलं तरी तो काढून टाकता येतो.

प्रत्यक्षात काय घडतं ते पलटणीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. बेल्ट-टोपी काढून मार्च अप होतं, आरोप वाचला जातो, "कुछ पूछना है?" असं विचारलं जातं आणि जवान म्हणतो, "नहीं साब." कागदावर लिहिलं जातं की आरोपीने उलटतपासणी घेण्यास नकार दिला. खाली सही होते. पुढे तक्रारीत तुम्ही लिहाल की मला बोलू दिलं नाही, तेव्हा हीच सही तुमच्यासमोर ठेवली जाईल.

म्हणून पेशीच्या आदल्या दिवशी एवढी तयारी करा:

- आरोप नेमक्या कोणत्या शब्दांत आहे ते विचारून घ्या. तारीख, वेळ आणि ठिकाण वहीत उतरवा.
- आपल्या बाजूचे दोन मुद्दे लिहा. दोनच. दहा मुद्दे तोंडी बोलताना माणूस गडबडतो.
- प्रत्येक साक्षीदाराला विचारायचा एक प्रश्न ठरवा. उदाहरणार्थ: "माझा फोन कंपनी ऑफिसात कोणत्या तारखेला आला?"
- आपला साक्षीदार असेल तर त्याचं नाव कंपनी हवालदार मेजरला आधीच सांगा आणि पेशीत पुन्हा सांगा.
- मूळ कागद खिशात ठेवा. मोबाइलमधला फोटो आत नेता येईलच असं नाही.

उशिरा येण्याच्या प्रकरणात एक शब्द कायम लक्षात ठेवा. कलम ३९ मधला गुन्हा सुट्टीपेक्षा जास्त राहण्याचा नाही. 'पुरेशा कारणाशिवाय' जास्त राहण्याचा आहे. कारण पुरेसं होतं हे दाखवता आलं तर ती नुसती दयेची विनंती राहत नाही, गुन्ह्याचा एक भागच सिद्ध होत नाही. रद्द झालेल्या गाडीचं तिकीट, सरकारी रुग्णालयाचं तारखेसह प्रमाणपत्र, सुट्टी वाढवून मिळावी म्हणून पाठवलेला संदेश, जवळच्या लष्करी रुग्णालयात किंवा स्टेशन मुख्यालयात हजेरी लावल्याचा कागद, हे सगळं इथे कामाला येतं. गावच्या खासगी डॉक्टरचं मागाहून आणलेलं प्रमाणपत्र फार टिकत नाही. त्यातही शिक्का एका तारखेचा आणि मजकूर दुसऱ्या तारखेचा असेल तर ते आणूच नका.

इशारा: प्रकरण कोर्ट ऑफ इन्क्वायरीतून (लष्करी चौकशी समितीतून) आलेलं असेल आणि तिथे नियम १८० पाळला गेला असेल, तर कमांडिंग ऑफिसर नियम २२ खालची ही सुनावणी वगळू शकतो. नियम १८० तुम्हाला चौकशीत पूर्ण वेळ हजर राहण्याचा, साक्षीदारांना प्रश्न विचारण्याचा आणि आपले साक्षीदार देण्याचा हक्क देतो. म्हणून चौकशीत गप्प बसू नका. "पेशीत बोलू" म्हणून थांबलेल्याला पुढे पेशी मिळेलच याची खात्री नाही.

इशारा: तुमचा गुन्हा नसेल तर "मान लो, छोटी सजा मिलेगी" या सल्ल्यावर कबुली देऊ नका. शिक्षा छोटी असली तरी नोंद राहते. चूक खरंच झाली असेल तर मात्र कबूल करा आणि कारण सांगा. खोटा बचाव पकडला गेला की पुढची तक्रारही खोटीच धरली जाते.

## पायरी ३: शिक्षा मापात आहे का ते पाहा

पेशी झाली, शिक्षा झाली. रागाच्या भरात लिहायला बसण्याआधी ती शिक्षा कायद्याच्या मापात बसते का ते बघा. हा मुद्दा सापडला तर बाकीचे सगळे मुद्दे त्याच्या मागे लिहायचे, कारण त्यात कोणाच्या शब्दाविरुद्ध कोणाचा शब्द असा प्रश्न उरत नाही.

कलम ८० खाली लष्करी ताब्यातली कैद, डिटेन्शन (स्थानबद्धता) आणि लाइनबंदी (युनिटच्या लाइन्सबाहेर जाण्यास मनाई) या प्रत्येकाची मर्यादा २८ दिवसांची आहे. दंड कोणत्याही एका महिन्यात १४ दिवसांच्या पगारापर्यंत. याशिवाय जादा पहारे, नेमणूक काढून घेणं, कार्यवाहक रँक काढणं आणि ताकीद यांसारख्या शिक्षा आहेत.

कलम ८१ या शिक्षांना लगाम घालतं. त्यातल्या तीन गोष्टी तपासा:

- कैद, डिटेन्शन आणि लाइनबंदी यांपैकी दोन किंवा जास्त शिक्षा एकत्र दिल्या असतील तर एकूण दिवस ४२ पेक्षा जास्त होता कामा नयेत. आधीची शिक्षा चालू असताना नवी दिली असेल तरीही हीच मर्यादा.
- नाईक किंवा हवालदार अशा एनसीओला (जेसीओच्या खालच्या हुद्देदाराला), किंवा गुन्ह्याच्या वेळी जो एनसीओ होता त्याला, या तिन्हींपैकी कोणतीच शिक्षा देता येत नाही.
- ताकीद आणि सक्त ताकीद या शिक्षा एनसीओच्या खालच्या माणसासाठी नाहीत. शिपायाला 'सक्त ताकीद' लिहिली असेल तर तेही मापाबाहेर.

आणखी एक कलम पाहा, १२१. ज्या गुन्ह्यासाठी कलम ८० खाली एकदा शिक्षा झाली, त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा कोर्ट मार्शल चालवता येत नाही किंवा पुन्हा ८० खाली शिक्षा देता येत नाही. एकच गैरहजेरी दोन तुकडे करून दोनदा लिहिली गेली असेल तर तारखा शेजारी शेजारी मांडा.

## पायरी ४: कागद हातात घ्या

कागदाशिवाय लिहिलेली तक्रार म्हणजे गाऱ्हाणं. पुढे जाण्याआधी हे मिळवा: आयएएफडी-९०१ ची प्रत, नियम २२ खालच्या सुनावणीची नोंद, कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली असेल तर आपल्याशी संबंधित भाग, आपल्या शीट रोलचा (सेवानोंदीच्या कागदाचा) शिक्षांचा भाग आणि शिक्षा ज्या पार्ट टू ऑर्डरने (युनिटच्या नोंदीच्या आदेशाने) नोंदली गेली तिचा क्रमांक व तारीख.

आधी कंपनी कमांडरमार्फत साधा लेखी अर्ज द्या. शब्द नम्र ठेवा, कलमांची यादी नको, फक्त कोणता कागद हवा ते लिहा. युनिटमधून मिळाला नाही तर माहिती अधिकार कायदा, २००५ आहे. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस आणि उत्तर न मिळाल्यास किंवा नाकारल्यास पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. स्वतःच्या शिक्षेचे कागद मागा, एवढंच. पलटण कुठे तैनात होती, ड्युटीवर किती माणसं होती असलं काही अर्जात आलं की सुरक्षेचं कारण देऊन सगळाच अर्ज अडकतो.

तपासा: कागद यायची वाट पाहताना पुढच्या पायऱ्यांचं घड्याळ थांबत नाही. महिना-दीड महिन्यात कागद आले नाहीत तर तक्रार दाखल करा आणि त्यात लिहा की अमुक तारखेला प्रती मागितल्या, अद्याप मिळालेल्या नाहीत.

## पायरी ५: तक्रार लिहिणं

विषयाच्या ओळीतच लिहा: "सेना कायदा, १९५० च्या कलम २६ अन्वये तक्रार." हे शब्द नसले की तुमचा कागद साध्या विनंतीच्या फाइलमध्ये जातो. मग वरिष्ठ कारकुनाच्या टेबलावरून तो पुढे सरकतो की नाही हेही कळत नाही. भाषा हिंदी किंवा इंग्रजी ठेवा. ऑफिसचं काम त्याच भाषांत चालतं आणि भाषांतराच्या नावाखाली कागद थांबायला नको.

मजकुराचा क्रम असा ठेवा:

पहिला भाग, घटना. तारखांनुसार, एका परिच्छेदात एक घटना. विशेषणं काढून टाका.

दुसरा भाग, कायद्याची चूक. पायरी ३ मध्ये काही सापडलं असेल तर ते. मग नियम २२ न पाळल्याचं काही असेल तर ते.

तिसरा भाग, पुराव्याची चूक. कोणता कागद पाहिला गेला नाही, कोणता साक्षीदार बोलावला नाही.

चौथा भाग, शिक्षेचं प्रमाण. आधीची सेवा, कठीण भागातली तैनाती, पदकं, आधीच्या नोंदी नसणं.

पाचवा भाग, मागणी. शिक्षा रद्द करावी, शीट रोलमधली नोंद काढावी, कापलेला पगार परत मिळावा. रद्द करणं शक्य नसेल तर शिक्षा कमी करून नोंद त्यानुसार बदलावी.

अनेक जण चौथ्या भागापासून सुरुवात करतात. "माझी बारा वर्षांची निष्कलंक सेवा आहे" असं पहिलं वाक्य असतं. मग वाचणारा अधिकारी तक्रार दयेचा अर्ज म्हणून वाचतो आणि दया दाखवायची की नाही एवढाच विचार करतो. चूक कुठे झाली ते आधी, सेवा नंतर.

फरक कळावा म्हणून एकच गोष्ट दोन प्रकारे पाहा. कच्चं वाक्य: "माझ्यावर फार अन्याय झाला, माझं काहीही ऐकून न घेता साहेबांनी मनमानी केली." पक्कं वाक्य: "सुनावणीत मी हवालदार लिपिकाला साक्षीदार म्हणून बोलावण्याची विनंती केली. सुट्टी वाढवण्याचा माझा संदेश त्यांनीच घेतला होता. सुनावणीच्या नोंदीत त्यांची साक्ष नाही आणि विनंतीचा उल्लेखही नाही." दुसऱ्या वाक्यात एकही आरोप नाही, पण त्याला उत्तर द्यावंच लागतं.

इशारा: हा इशारा दोनदा वाचा. कलम ५६ प्रमाणे कलम २६ च्या तक्रारीत कोणाच्या चारित्र्याविषयी जाणूनबुजून खोटं विधान करणं, किंवा महत्त्वाची गोष्ट मुद्दाम दडवणं, हा स्वतंत्र गुन्हा आहे. त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. "साहेब पैसे खातात", "साहेबांनी दारूच्या नशेत शिक्षा दिली" असली वाक्यं हाती पुरावा नसताना लिहू नका. ती लिहून शिक्षा रद्द झाल्याचं मला एकही उदाहरण आठवत नाही. जवान नव्या अडचणीत आल्याची आठवतात.

## पायरी ६: तक्रार कुणाकडे आणि कशी द्यायची

कलम २६ मध्ये क्रम लिहिलेला आहे. कंपनीत किंवा स्क्वाड्रनमध्ये असलेल्या माणसाने तिथल्या कमांडरकडे तक्रार द्यायची. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तोच तक्रार घेणारा अधिकारी असेल, तर त्याच्या लगतच्या वरिष्ठाकडे. कमांडिंग ऑफिसरच्या शिक्षेविरुद्धची तक्रार त्यांच्या वरच्या मुख्यालयाला उद्देशून लिहायची, पण कागद कंपनी कमांडरपासून 'मार्फत' वर जातो. ज्या अधिकाऱ्याकडे ती येईल त्याने शक्य तितकी पूर्ण चौकशी करायची असते आणि गरज असेल तर वर पाठवायची असते. लष्करप्रमुखांचा निर्णय अंतिम, फक्त केंद्र सरकार त्यात बदल करू शकतं.

बरेच जण म्हणतात, ज्यांनी शिक्षा दिली त्यांच्याच हातून कागद कसा जाईल? आणि थेट वर पाठवून देतात. त्याचं काय होऊ शकतं ते सर्वोच्च न्यायालयाच्या १९८७ च्या रणजित ठाकूर प्रकरणात दिसतं. कमांडिंग ऑफिसरकडून होणाऱ्या वागणुकीची तक्रार त्या जवानाने थेट वरिष्ठांकडे पाठवली, म्हणून त्याला २८ दिवसांची सक्त कैद झाली. कैदेत असतानाच दिलेलं जेवण घेतलं नाही या कारणावरून समरी कोर्ट मार्शल झालं आणि एक वर्ष कैद व बडतर्फी मिळाली. सर्वोच्च न्यायालयाने ते कोर्ट मार्शल रद्द केलं. ज्या अधिकाऱ्याविषयी तक्रार होती तोच निर्णय द्यायला बसला होता आणि शिक्षा गुन्ह्याच्या मानाने फार मोठी होती, हे त्यातले मुख्य मुद्दे. जवान जिंकला हे खरं. पण त्यासाठी त्याला देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं आणि सुरुवात झाली ती वाट सोडून गेलेल्या एका कागदाने.

देताना दोन प्रती न्या. एकीवर 'मिळाली' अशी सही, तारीख आणि शिक्का घ्या. सही द्यायला कोणी तयार नसेल तर डायरीत तारीख, वेळ आणि घेणाऱ्याचं नाव लिहा, आणि आठ दिवसांनी "माझ्या अमुक तारखेच्या तक्रारीची सद्यस्थिती कळावी" असा छोटा अर्ज द्या. त्या अर्जाच्या उत्तरातूनही तारीख सिद्ध होते.

इशारा: पाच-सहा जणांना एकाच वेळी शिक्षा झाली असली तरी एकत्र सह्या करून अर्ज देऊ नका. फौजेत त्याचा अर्थ फार वेगळा घेतला जातो. प्रत्येकाने स्वतंत्र, स्वतःच्या घटनेपुरतं लिहावं. व्हिडिओ करून समाजमाध्यमावर टाकणं किंवा वर्तमानपत्राला देणं हा तर सेना नियमांतल्या बंदीचा थेट भंग आहे आणि त्यावर नवी शिक्षा होऊ शकते. घरच्यांनाही हे नीट समजावून सांगा. उत्साही भाऊच असलं काही टाकून बसतो.

आणखी एक. तक्रार दिली म्हणून शिक्षा आपोआप थांबत नाही. १४ दिवसांची कैद उत्तर येण्याआधीच भोगून संपलेली असेल. ती संपली म्हणून तक्रार निरर्थक झाली असं मात्र नाही. भांडण नोंदीसाठी आहे, आणि पगारासाठी.

## पायरी ७: तारखा भिंतीवर लिहा

सशस्त्र दल न्यायाधिकरण कायदा, २००७ ची कलमं २१ आणि २२ एकत्र वाचायची. कलम २१ म्हणतं, आधी खात्यांतर्गत उपाय वापरा. तक्रारीवर अंतिम आदेश आला, किंवा तक्रार देऊन सहा महिने झाले आणि काहीच आलं नाही, तर उपाय वापरला असं धरलं जातं. कलम २२ म्हणतं, अंतिम आदेशाच्या तारखेपासून सहा महिन्यांत या. आदेशच आला नसेल तर ते पहिले सहा महिने संपल्यावर पुढच्या सहा महिन्यांत.

आकड्यांत: तक्रार १० जानेवारी २०२५ ला दिली. उत्तर नाही. १० जुलै २०२५ ला सहा महिने पूर्ण. आता १० जानेवारी २०२६ पर्यंत न्यायाधिकरणात अर्ज गेला पाहिजे.

इथे होणारी चूक प्रामाणिक माणसांकडूनच होते. उत्तर आलं नाही म्हणून ते स्मरणपत्र पाठवतात. मग दुसरं. मग तिसरं. त्यांना वाटतं, प्रत्येक स्मरणपत्राने मुदत नव्याने सुरू होते. तसं होत नाही. घड्याळ पहिल्या तक्रारीपासूनच चालतं. उशीर झालाच तर माफीचा स्वतंत्र अर्ज करता येतो, त्यात उशिराचं कारण तारखांसह द्यावं लागतं. "मला माहीत नव्हतं" हे कारण फार कमी वेळा पुरतं.

## पायरी ८: न्यायाधिकरण

महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातसाठी मुंबईचं खंडपीठ आहे. नोकरीत असलेल्याने जिथे नेमणूक आहे किंवा जिथे घटना घडली तिथल्या खंडपीठात जायचं. निवृत्त किंवा घरी पाठवलेला माणूस आपण राहतो तिथल्या खंडपीठात जाऊ शकतो. म्हणजे साताऱ्याचा माजी सैनिक, शिक्षा जम्मूत झालेली असली तरी, मुंबईत अर्ज करू शकतो.

अर्ज कलम १४ खालचा असतो. कायद्यातल्या 'सेवाविषयक बाबी'च्या व्याख्येतच 'समरी डिस्पोजल'चा, म्हणजे कोर्ट मार्शलशिवाय संक्षिप्तपणे निकाली काढलेल्या प्रकरणांचा उल्लेख आहे. वकील सक्तीचा नाही, स्वतः उभं राहता येतं. तरी माझा सल्ला आहे की इथे वकील घ्या आणि तो लष्करी कायद्याचं काम करणारा घ्या. तालुक्याच्या कोर्टातला ओळखीचा वकील कितीही हुशार असला तरी नियम २२ त्याला बहुधा पहिल्यांदाच दिसत असतो.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय कागद लावायला आणि कुठे जायचं ते सांगायला मदत करू शकतं. शिक्षा रद्द करण्याचा अधिकार त्यांच्याकडे नाही. तिथेच अर्ज देऊन वाट पाहत बसू नका.

न्यायाधिकरणातही हरलात तर सर्वोच्च न्यायालयाची वाट फार अरुंद आहे, सार्वजनिक महत्त्वाचा कायद्याचा प्रश्न असावा लागतो. पण २१ मार्च २०२३ च्या परशोत्तम दास निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की न्यायाधिकरणाच्या आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयाचा राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खालचा अधिकार संपलेला नाही. त्याआधीचा सल्ला देणाऱ्या जुन्या वकिली नोटिसा आणि लेख अजून फिरत असतात, त्यांच्या तारखा पाहून घ्या.

## चार लाल नोंदी झाल्या असतील तर

कैद आणि डिटेन्शनची नोंद लाल शाईत होते. अशा चार नोंदी झाल्या की जवानाला नालायक ठरवून सेना नियमांतल्या नियम १३ खाली घरी पाठवता येतं, आणि बरेच जण हे आपोआप घडतं असं समजून गप्प बसतात.

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१५ मध्ये वीरेंद्र कुमार दुबे प्रकरणात हे खोडून काढलं आहे. सैन्य मुख्यालयाचं २८ डिसेंबर १९८८ चं धोरणपत्र सांगतं की घरी पाठवण्याआधी निःपक्ष प्राथमिक चौकशी झाली पाहिजे, कारणे दाखवा नोटीस दिली पाहिजे, आणि चार नोंदी झाल्या म्हणून डिस्चार्ज बंधनकारक नाही. प्रत्येक नोंद कशासाठी होती, सेवा किती झाली, माणूस पेन्शनच्या १५ वर्षांच्या जवळ आला आहे का, हे कमांडिंग ऑफिसरने पाहायचं असतं. चौकशी न करता, फक्त नोंदी मोजून दिलेला डिस्चार्ज न्यायालयाने बेकायदा ठरवला.

म्हणून नोटीस आली की उत्तरात हे चार मुद्दे स्वतंत्रपणे लिहा: चौकशी झाली का आणि मला त्यात बोलू दिलं का, प्रत्येक नोंदीचा गुन्हा आणि त्याचं कारण, कठीण भागातली सेवा, पेन्शनला उरलेले दिवस, आकड्यांत. उत्तराची मुदत चुकवू नका. "नंतर कोर्टात सांगू" म्हणणाऱ्याला कोर्ट पहिला प्रश्न हाच विचारतं की नोटिशीला काय उत्तर दिलं होतं.

## जेसीओ आणि अधिकारी

यांच्या बाबतीत कायदा थोडा उदार आहे. कलम ८३, ८४ आणि ८५ खालच्या शिक्षेचे कागद कलम ८६ प्रमाणे वरिष्ठ अधिकाऱ्याकडे जातातच. कलम ८७ प्रमाणे शिक्षा बेकायदेशीर, अन्यायकारक किंवा अवाजवी वाटल्यास ते ती रद्द करू शकतात, बदलू शकतात किंवा माफ करू शकतात. अर्जात हेच तीन शब्द वापरा आणि त्यांतला कोणता लागू पडतो ते सांगा.

कलम ८४ खाली ज्येष्ठता किंवा बढतीसाठीची सेवा जप्त करायची असेल तर आधी कोर्ट मार्शलचा पर्याय निवडण्याचा हक्क असतो. तो 'नको' म्हणून घाईत सही करू नका. पुरावा कच्चा असेल तर तिथे सुटका होऊ शकते, पक्का असेल तर शिक्षा कितीतरी मोठी होऊ शकते. एक रात्र मागून घ्या.

अधिकाऱ्याची वैधानिक तक्रार कलम २७ खाली, आधी कमांडिंग ऑफिसरकडे रीतसर अर्ज करून, मग केंद्र सरकारकडे.

## निकाल तुमच्या बाजूने लागल्यावर

आदेशाचं पत्र फ्रेम करून ठेवायची घाई नको. शिक्षा रद्द झाली म्हणून शीट रोलमधली लाल ओळ आपोआप पुसली जात नाही. रद्द झाल्याची नवी पार्ट टू ऑर्डर निघावी लागते. ती रेकॉर्ड ऑफिसला आणि पगार कार्यालयाला पोहोचावी लागते, तेव्हा कुठे नोंद सुधारते आणि कापलेले दिवस परत येतात. आदेशानंतर दोन महिन्यांनी कंपनी क्लार्ककडे पार्ट टू ऑर्डरचा क्रमांक मागा आणि पगारपत्रकात जमा रक्कम तपासा. वर्षभराने शीट रोल दाखवायला येईल तेव्हा सही करण्यापूर्वी शिक्षांचं पान उघडून स्वतःच्या डोळ्यांनी बघा. ओळ तशीच असेल तर सही थांबवा आणि आदेशाची प्रत लावून त्याच दिवशी लेखी अर्ज द्या.